पाठ कुणाकडे

उद्या शूटिंग आहे. स्नेहसंमेलनातला तारपा नाच यंदा नीट रेकॉर्ड करून ठेवायचा असं ठरलंय. मुलं घरी गेली आहेत आणि त्यांचे सर किंवा बाई म्हणून तुम्ही पटांगणाच्या कडेला एकटेच उरला आहात. जरा बसा. कोळगावला जिल्हा मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्यापासून दिवसभर वर्दळ असते. ती ओसरली, की पालघर-बोईसर रस्त्यावरचा ट्रक वेगळा आणि लांबून जाणारी मालगाडी वेगळी ऐकू येऊ लागते. उद्या रेकॉर्डिंगवाला याच आवाजांवर वैतागणार आहे. आज त्यांना असू द्या.

श्वास मुद्दाम लांब करू नका. येतोय, जातोय, एवढंच पाहा. मग लक्ष तारपा वाजवणाऱ्या पोराच्या श्वासाकडे न्या. त्याच्या हातात वाळलेला भोपळा आहे, त्यात बांबूच्या दोन नळ्या बसवलेल्या, सांधे मेणाने बुजवलेले, पुढे ताडाच्या पानांचा लांब कर्णा. सूर तुटता कामा नये. म्हणून गालात साठवलेली हवा भोपळ्यात जात असतानाच त्याला नाकाने नवी हवा घ्यावी लागते. करून पाहा. गाल फुगवा, ओठांतून हवा सावकाश सोडा आणि ती सुटत असतानाच नाकाने आत घ्या.

अडकलात ना? बहुतेक सगळेच अडकतात. पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ घालून बुडबुडे तुटू न देण्याची सवय केली, की हळूहळू जमतं. हे घड्याळ लावून जमवता येत नाही. जव्हार तालुक्यातल्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा त्यांनी नव्वदी गाठली होती. तारपा त्यांनी लहानपणी घरातच उचलला होता. मधल्या सगळ्या वर्षांचा अंदाज घ्या आणि मग उद्याच्या नाचाच्या चार मिनिटांकडे पाहा. चार मिनिटं लहान वाटतात की मोठी? उत्तराची घाई नको.

आता नाच डोळ्यांसमोर आणा. एकमेकांच्या कमरेत हात घातलेली मुलामुलींची साखळी, पुढच्याच्या हातात घुंगरांची काठी आणि मधोमध तारपा. साखळी त्याच्याभोवती वळत राहते. तारप्याची चाल बदलली, की पावलं बदलतात. कुणी आकडे मोजत नाही, कुणी 'आता' म्हणून ओरडत नाही. बदल कानाने कळतो आणि शेजारच्याच्या कमरेतून, त्याच्या तोलातून तो पुढच्यापर्यंत पोचतो. तारप्याकडे पाठ करायची नाही, ही इथली रीत. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही वळणारी साखळी पांढऱ्या रंगाने कितीदा तरी चितारली. त्या चित्रात पाहणाऱ्यासाठी राखून ठेवलेली बाजू नाही. चित्र कुठूनही पाहा, कुणाची तरी पाठ तुमच्याकडे असतेच.

इथे थांबा. उद्याची खरी अडचण हीच आहे, मायक्रोफोन नव्हे.

कॅमेऱ्याला समोर लागतो. चेहरे दिसायला हवेत, आणि पालकांचंही तेच म्हणणं असतं. त्यात त्यांची चूक नाही. म्हणून साखळी उलगडून सरळ ओळ केली जाते, तारपावाला एका टोकाला माइकजवळ जातो आणि मुलं लेन्सकडे बघून हसतात. मनातल्या मनात त्या ओळीतल्या शेवटच्या मुलीच्या जागी उभे राहा. तारपा तिच्यापासून बराच दूर, तिची पाठ अर्धवट त्याच्याकडे. चाल बदलल्याचं तिला कसं कळणार? कळत नाही, म्हणून ती शेजारणीचे पाय बघते आणि अर्ध्या मात्रेने मागे पडते. मग आपण तिला ओरडतो. खरं तर तिला ओळीत आपणच उभं केलेलं असतं.

आणि 'भरीव वाटावं' म्हणून खाली कीबोर्डचा ट्रॅक टाकायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकून घ्या आणि सोडून द्या. भोपळा वेगळा, बांबू वेगळा, म्हणून प्रत्येक तारप्याचा सूरही आपापला. तो पेटीच्या काळी चारमध्ये बसेलच असं नाही आणि बसवायची गरजही नाही.

यंत्र काहीतरी मागतं, हे काही आजचं नाही. 1902 साली कोलकात्यात गौहर जान ग्रामोफोनसाठी गायल्या तेव्हा यंत्राने मागितली तीन मिनिटं. एरवी तासभर चालणारं गाणं त्यांनी त्या तीन मिनिटांत नव्याने बांधलं आणि शेवटी स्वतःचं नाव ठणकावून सांगितलं. यंत्राची मागणी त्यांनी मान्य केली, पण काय द्यायचं ते स्वतः ठरवलं. पुढे बेळगावजवळच्या सुळेभावीत एक मुलगा अशाच तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊ लागला. 1936 साली मुंबईच्या जिना हॉलमध्ये तो गायला तेव्हा बारा वर्षांचाही नव्हता. हे कुमार गंधर्व. म्हणजे रेकॉर्डिंगने नुकसानच होतं, असं म्हणायची सोय नाही. कुणी सांगावं, उद्या तुम्ही जे टिपाल ते ऐकून पाड्यावरचं एखादं पोर भोपळा वाळवायला ठेवेल. फक्त, त्या मैफलीनंतर कुमार प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला राहिले, हेही लक्षात असू द्या. तबकडी सूर ऐकवते. कान कुठे वळवायचा, ते दाखवायला समोर माणूस लागतो.

तेव्हा उद्याचा दिवस एकदा मनात सावकाश चालवून पाहा. मुलं आली. आधी कॅमेरा बंदच ठेवून एक फेरी होऊ द्या. तारपावाल्याला हवी तेव्हा चाल बदलू दे, आधी न सांगता. कोण कानाने वळतंय आणि कोण शेजारचे पाय बघून, ते पाहून ठेवा. दुसरीतल्या मुलांना साखळीच्या मध्यावर घ्या, दोन्हीकडून धरलेलं असलं की ती घाबरत नाहीत. फार टेक नकोत. वाजवणाऱ्याचे गाल दुखू लागतात आणि दुखऱ्या गालांचा सूर लगेच ओळखू येतो.

आणि कॅमेरा? तो समोरच हवा असं कुणी ठरवलं? तिपाई आत घ्या, तारपावाल्याच्या मागे, त्याच्या खांद्याच्या उंचीला. साखळी फिरत राहील तसा प्रत्येक चेहरा समोर येईल आणि पुढे जाईल. कुणाची आई तक्रार करणार नाही. मुलं वाजवणाऱ्याकडे बघतील, लेन्सकडे नाही. कुणी एखादा बघेलच, तेवढं चालायचं. दोन नळ्यांवरची बोटं एका कडेला दिसत राहतील. मागे पटांगण, रस्ता, आणि वेळ जुळली तर मालगाडीसुद्धा येईल. रेकॉर्डिंगवाल्याला हे सगळं आज रात्रीच फोन करून सांगा. सकाळी ऐन वेळी सांगितलंत तर तो तिपाई समोरच लावून मोकळा होईल.