शुश्रूषा ही विद्या की वेठ?



वारणानगरच्या परिसरातील एका वस्तीत, रविवारची वंदना आटोपल्यावर, एका बापाने विचारलेला प्रश्न अजून माझ्या मनातून जात नाही. त्याची मुलगी बारावी झालेली. वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसांची शुश्रूषा करण्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, असे तिच्या मनात आले. बाप म्हणाला, "आम्ही मेलेली ढोरं ओढायची सोडली, ती काय पोरीनं परक्याचं गू-मूत काढावं म्हणून?"

ह्या बापाला अडाणी म्हणून उडवून लावू नका. त्याच्या प्रश्नामागे पिढ्यान्‌पिढ्यांची जखम आहे. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हीन समजली जाणारी कामे झुगारा, असे सांगितले. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे बिल आणले. महारकी वतन कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. एवढ्या लढ्यानंतर आपल्या लेकीने पुन्हा इतरांची घाण काढायची, हे त्या बापाला कसे रुचावे?

पण जरा विचार करा. महारकीत वाईट काय होते? घाण, की घाणीची सक्ती? जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडले. जन्माला आलास म्हणून हे काम तुझे. ते नाकारण्याचा हक्क नाही, त्यात शिकण्यासारखे काही आहे असे कोणी मानत नाही, आणि मोबदला म्हणून भाकरीचे तुकडे. हा खरा कलंक होय. डॉक्टरही रक्त आणि पू हाताळतो. त्याला कोणी विटाळ मानीत नाही, कारण त्याने ती विद्या स्वतः निवडलेली व शिकलेली असते. तेव्हा त्या मुलीच्या बाबतीत विचारायचा प्रश्न असा की, हे काम तिच्यावर लादले जात आहे, की ती ते विद्या म्हणून हाती घेत आहे?

आता तथागतांकडे वळू. विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच घाणीत पडला होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. भगवान बुद्ध आनंदासह तेथे आले. आनंदाने पाणी आणले, दोघांनी त्याला धुतले, उचलून खाटेवर निजविले. मग भगवंतांनी भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथातही रुग्णांविषयीची भगवंतांची कळकळ आवर्जून मांडली आहे. तो प्रसंग घरोघरी वाचला जातो. मात्र त्याला जोडून महावग्गात जे येते, ते फारसे वाचले जात नाही.

तेथे चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याच्या पाच पात्रता सांगितल्या आहेत. पहिली, तो औषधाची नीट व्यवस्था करू शकतो. दुसरी, रोग्याला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे तो जाणतो. तिसरी, तो लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करतो. चौथी, मल, मूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस येत नाही. पाचवी, वेळोवेळी चार धम्माच्या गोष्टी बोलून तो रोग्याला उभारी देतो.

क्रमाकडे लक्ष द्या. मैत्री तिसरी आली आहे, ज्ञान तिच्या आधी. आपण मात्र उलटे समजतो. आई-बापाची सेवा ही प्रेम असले की आपोआप येते, सुनेला ती जन्मतःच येते, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रेमाने काय होते ते एकदा पाहा. लकवा झालेल्या आजोबांना नातू मायेने निजल्याजागी दूध पाजतो आणि ते दूध श्वासनळीत जाते. अंथरुणावरच्या आजीची माकडहाडावरची कातडी लाल झालेली पाहून सून तेल लावून जोराने चोळते आणि तिथेच जखम होते. माया कमी नव्हती. ठाऊक नव्हते एवढेच.

ठाऊक असायचे तरी काय काय! ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. टाचा, खुबे, माकडहाड रोज पाहावे लागते. भरविताना माणूस बसता हवा आणि जेवल्यावरही अर्धा तास बसता ठेवावा. लुळ्या बाजूच्या गालात घास अडकून राहतो, तो पाहावा. खाटेवरून खुर्चीत घेताना खुर्ची धडधाकट बाजूला मांडावी, आपण गुडघ्यांत वाकावे, नाहीतर सेवा करणाऱ्याचीच कंबर जाते. लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली ठेवावी. आणि एखादी म्हातारी दोन दिवसांत एकाएकी बरळू लागली तर देवऋषी गाठू नये. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा एखादे औषध ह्यानेही तसे होते, म्हणून डॉक्टर गाठावा. हळूहळू वाढत जाणारा विसरभोळेपणा, ज्याला आपण म्हातारचळ म्हणून हसतो, तो बहुधा मेंदूचा आजार असतो. त्या माणसाशी वाद घालून काही साधत नाही.

इंग्लंडमध्ये १९३५ साली डॉ. मार्जोरी वॉरन ह्या बाईंकडे गोरगरिबांच्या जुन्या दवाखान्यातील शेकडो म्हातारे रुग्ण सोपविले गेले. त्यातले कित्येक वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. बाईंनी एकेकाला तपासले, कोणाला काय झाले आहे ते वेगवेगळे केले, व्यायाम देऊन उठविले. त्यातले बरेच चालते झाले आणि घरी गेले. म्हणजे अंथरुणात पडून राहणे हे त्यांचे वार्धक्य नव्हते. इतरांचे अज्ञान होते.

तिसऱ्या पात्रतेपाशी एक अडचण येते, ती टाळून चालणार नाही. लाभाच्या आशेने नको, असे सांगितले आहे. मग पगार घेऊन सेवा करणारी मुलगी धम्माला सोडून वागते काय? मला तसे वाटत नाही. तो उपदेश भिक्षेवर जगणाऱ्या भिक्खूंना होता. गृहस्थाला सम्यक आजीविका सांगितली आहे. सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्येही येतात. नोकराला झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. ठरलेले वेतन म्हणजे लोभ नव्हे. सातबाऱ्यावर डोळा ठेवून बापाचे पाय चेपणारा मुलगा एक पैसाही घेत नाही. लोभी कोण, ते तुम्हीच ठरवा.

सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेल्या. त्या कामात त्यांच्या जोडीला मुलगा डॉ. यशवंतराव होते. त्यांच्या त्यागापुढे आपण मान तुकवितो. पण त्यागाच्या शेजारी डॉक्टरी विद्याही उभी होती, हे विसरतो.

आता वारणेच्या खोऱ्याकडे पाहा. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने माळावर साखर कारखाना उभा राहिला, मग दूध संघ, शाळा, महाविद्यालये. मुले शिकली आणि पुण्या-मुंबईला, काही परदेशी गेली. मागे राहिली ती पिकली पाने, भरल्या घरात एकटी. तेथे कामाला येणाऱ्या बाईला बहुधा कोणी काही शिकविलेले नसते. दिवसरात्र राबते, सुट्टी नाही, आणि पहिल्याच दिवशी आडनाव विचारून तिचा कप वेगळा ठेवला जातो. बापाची भीती खरी ठरते ती इथे. शिकलेल्या मुलीचा कप वेगळा राहणार नाही, असे मी खात्रीने म्हणू शकत नाही. पण तिला कामाचे तास ठरवून घेता येतील, चुकीच्या गोष्टीला नाही म्हणता येईल आणि दुसरे घर मिळविता येईल. वेठीला धरलेल्याला ह्यातले काहीच करता येत नव्हते.

शिक्षणाच्या वाटा सारख्या नाहीत, हेही सांगतो. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा. त्यानंतर नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि ती परिचारिका ठरते. काही महिन्यांचे रुग्णसहायकाचे किंवा घरगुती शुश्रूषेचे वर्ग असतात. ते उपयोगी आहेत, पण त्याने परिचारिका होता येत नाही आणि इंजेक्शन देण्याचा अधिकार मिळत नाही. फी भरण्यापूर्वी विचारा: मान्यता कोणाची? प्रत्यक्ष रुग्णालयात किती दिवस काम शिकविणार? प्रमाणपत्र कोण देणार? उत्तर देताना जो चाचरतो त्याच्याकडे पैसे देऊ नका. आणि मुलगेही पाठवा. अंगाने जड म्हाताऱ्याला उचलायला पुरुष लागतो, हे काम बायकांचेच ही समजूत कोणत्या सुत्तात आहे?

आणखी एक. १९५६ साली बापाच्या खांद्यावर बसून वा पायी चालत धम्मदीक्षेला गेलेली मुले आज आपल्याच वस्त्यांत म्हातारी झाली आहेत. त्यांच्यासाठी पगारी माणूस ठेवणे आपल्यातल्या पुष्कळांना परवडत नाही. त्या बापाची स्वतःची आई गेले आठ महिने अंथरुणावर आहे. त्या रविवारी विहारातून आम्ही त्याच्या घरी गेलो. मुलीने आजीची कूस बदलली, तेव्हा कमरेखाली रुपयाएवढी जखम दिसली. बाप दाराशी उभा राहून ती पाहत होता. थोड्या वेळाने त्याने विचारले, "ते वर्ग कधी सुरू होतात?"