रंग कोणाच्या डोळ्यांसाठी?

रेल्वे मंत्रालयानं स्थानकांच्या सुशोभीकरणाची देशपातळीवर स्पर्धा घेतली आणि २०१८ साली पहिला क्रमांक बल्लारशाह आणि चंद्रपूर या आपल्या दोन स्थानकांना मिळाला. ज्या गावाच्या चित्रकलेचं नाव जगभर आहे ते मधुबनीही मागे राहिलं. आपल्या स्थानकांच्या भिंतींवर ताडोबातले वाघ उमटले, लोक गाडीतून उतरून फोटो काढू लागले. आपल्याला अभिमान वाटला आणि तो रास्तच होता. स्थानक येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीच रंगवायचं असतं.

घराचं तसं नसतं. पण हल्ली आपण दुसऱ्याच्या घराकडेही स्थानकाच्याच नजरेनं बघतो, असं मला वाटतं.

चंद्रपूर-गडचिरोलीत सध्या गावोगाव घरकुलं उभी राहताहेत. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराला मैदानी भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम किंवा नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये, असा मूळ दर. पीएम-जनमन योजनेत माडिया, कोलाम अशा आदिम जमातींच्या कुटुंबांना २ लाख. घर किमान २५ चौरस मीटरचं. रेती, गिट्टी, सळाखी आणि आत गावापर्यंत सामान आणायचं भाडं, यातच पैसा सरतो. रंगाची पाळी शेवटी येते, तेव्हा हातात धानाचे नाहीतर तेंदूपानाचे पैसे असतील तर ठीक. म्हणून कितीतरी घरांना समोरच्या भिंतीपुरता रंग लागतो. बाकीच्या तीन भिंती पुढच्या हंगामाची वाट बघत राहतात.

आणि जो रंग लागतो तो झणझणीत असतो. पोपटी, गुलाबी, जांभळा. शहरातून आलेला पाहुणा तो बघून हळहळतो, 'काय सुंदर मातीची घरं होती हो यांची!' ही हळहळ खोटी नाही. मातीचं घर मे महिन्यात थंड राहतं, आणि पारा ४७ च्या पुढे जाणाऱ्या या मुलखात ते सुख लहान नाही. पण त्या सुंदरतेची मजुरी कोण भरत होतं? पांढरी माती डोक्यावरून वाहून आणायची, दरवर्षी भिंती पोतारायच्या, आठवड्याला शेणानं सारवायचं, पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे, माकडांनी फोडले की परत फेरायचे, उधई लागली की खांब बदलायचा, भिंतीच्या भोकातून मण्यार निघाला की रात्र बसून काढायची. यातलं बरंचसं बाईच्या वाट्याचं. तिनं सिमेंटची भिंत आणि डब्यातला रंग मागितला, तर संस्कृती बुडाली म्हणणाऱ्यानं आधी एक दिवाळी तिच्याबरोबर भिंती पोताराव्यात.

गंमत अशी की हाच पाहुणा रात्री ज्या रिसॉर्टमध्ये उतरतो तिथल्या सिमेंटच्या भिंती मातीसारख्या दिसाव्यात म्हणून मुद्दाम खडबडीत केलेल्या असतात, वर गेरूचा रंग, आणि त्यावर अनेकदा वारली चित्रं. वारली लोक पालघरकडचे. ताडोबाच्या वेशीवर, गोंडांच्या मुलखात, त्यांचं काय काम, हे कुणी विचारत नाही. बघणाऱ्याला 'आदिवासी' वाटलं म्हणजे झालं.

मागे एका बाईंच्या नव्या घरात बसलो होतो. समोरच्या भिंतीच्या निळ्या रंगाचं कौतुक केलं. त्या म्हणाल्या, "बाहेरचा सारेच पुसतात सर. आतून कोनता द्यावा, थे कोनीच पुसत नाही." आतल्या भिंतींना रंग नव्हताच. त्यांना पिवळा हवा होता, चुलीच्या धुरानं काळा पडेल हे माहीत असूनही. मी लगेच फिका रंग उन्हाळ्यात बरा, छताला चुना मारला तर ताप कमी होतो वगैरे सांगू लागलो. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. चुन्याचं पटलं. पिवळा कायम राहिला. मला हा व्यवहार योग्य वाटतो: माहिती द्यावी, निवड ज्याची त्याच्याकडे ठेवावी.

शहर पहिल्यांदा बघायला गेलेल्या माणसाशी मात्र आपण इतकं सरळ वागत नाही. गडचिरोली पोलीस दल कितीतरी वर्षं दुर्गम भागातल्या विद्यार्थ्यांना 'महाराष्ट्र दर्शन' सहलीला नेतं. चांगला उपक्रम आहे. ज्या जिल्ह्यात अनेक दशकं रेल्वे स्थानक म्हणजे फक्त वडसा, तिथल्या मुलानं आगगाडी, समुद्र, मंत्रालय पाहावं यात वाईट काय? खटकतं ते पुढचं. मुलं परतली की आपण त्यांच्याकडून आश्चर्य वसूल करतो. 'कसं वाटलं? घाबरलास का? काय आवडलं?' बातमीत मुलांचे डोळे विस्फारलेलेच असावे लागतात. त्यांचं मत काय झालं, हा प्रश्न यादीत नसतो.

एका मुलाला मी सहज विचारलं, मुंबईत काय पटलं नाही? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मानसं झोपली तरी दिवे कायले चालू ठेवतात?"

त्याला ठाऊक नसेल, पण त्याच्या प्रश्नाला मोठा आधार आहे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट. इथून थेट मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची वाहिनी जाते, १९९९ च्या सुमारास ती सुरू झाली. कोळसा इथला, राख इथे पडते, धूर इथल्या छातीत जातो. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड अंधारात बसतं. म्हणजे ज्या झगमगाटानं या मुलानं थक्क व्हावं अशी आपली अपेक्षा, त्यातला काही उजेड त्याच्याच मुलखातून गेलेला आहे. सिमेंटचंही तेच. गडचांदूर, आवारपूरकडची चुनखडी कुठल्या कुठल्या शहरांत उंच उभी आहे. आलापल्लीच्या जंगलातलं सागवान २०२३ मध्ये बल्लारपूरहून पूजा करून अयोध्येला गेलं, राममंदिराच्या दारांसाठी. आपली लाकडं, वीज, चुनखडी आपल्या आधी शहरं बघून आली. माणूस मात्र उपकार झाल्यासारखा जातो.

आणि हा झाला सहलीला जाणारा माणूस. इथल्या फार जणांचं पहिलं मोठं शहर म्हणजे नागपूरच्या 'मेडिकल' या सरकारी रुग्णालयाचा व्हरांडा, हातात रेफरची चिठ्ठी. हजारोंचा पहिला परमुलूख म्हणजे तेलंगणातलं मिरचीचं शेत. २०२० च्या टाळेबंदीत यातले अनेक मजूर पायी परतले, नद्या ओलांडून. त्यांना निघताना कुणी हिरवी झेंडी दाखवली नव्हती, आणि आल्यावर काय आवडलं असंही विचारलं नाही. त्यांनी शहर किंवा परमुलूख आपल्यापेक्षा जास्त ओळखलेला असतो: कुठे पाणी फुकट मिळतं, कुठे झोपू देतात, कोण मजुरी बुडवतो.

याच मुलखानं दुसऱ्या तऱ्हेचा प्रवासही पाहिलाय. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी 'मिशन शौर्य' या मोहिमेतून एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. हैदराबादकडे, दार्जिलिंगला, लेहला ही मुलं सरावासाठी गेली, म्हणजे तिथे त्यांना काम होतं. अशा मुलाला 'हिमालय बघून घाबरलास का' असं विचारायची आपली हिंमत होत नाही. त्याला आपण विचारतो, वाट कशी होती, दोर कसा धरलास. हा मान मिळवण्यासाठी एव्हरेस्ट चढावं लागू नये.

सहलीनंतर शाळांतून मुलांकडून 'मी पाहिलेली मुंबई' हा निबंध लिहून घेतात. शिक्षक मित्रांनो, यंदा विषय बदलून बघा: 'मुंबईत मी काय बदलीन'. व्याकरण तपासा, मतं तपासू नका. आणि ते निबंध कपाटात न ठेवता मुंबईतल्याच एखाद्या शाळेला पाठवा. उत्तर आलं तर मुलांना वाचून दाखवा, नाही आलं तर दुसऱ्या शाळेला पाठवा.