सूर लावण्याआधी

परक्या देशात भोवतालची गर्दी गाऊ लागली, तर आपणही गावं का? तळेगाव दाभाड्यातून, चाकण-पिंपरीच्या पट्ट्यातून डॉक्टर व्हायला रशियात गेलेल्या मुलामुलींपुढे हा प्रश्न ९ मेला हमखास उभा राहतो. तो तिथला दुसऱ्या महायुद्धातला विजय दिन. चौकांत, बागांत लोक जमून युद्धकाळातली गाणी म्हणतात. विद्यापीठांच्या कार्यक्रमांत परदेशी विद्यार्थीही गातात. तास इंग्रजीत झाले तरी वॉर्डातला रुग्ण रशियनच बोलतो, त्यामुळे ती भाषा शिकावीच लागते आणि गाण्याने जीभ लवकर वळते. तेव्हा अशा कार्यक्रमांना जरूर जावं.

पण गाणं हा नुसता उच्चारांचा सराव नसतो. ‘कात्यूशा’चंच बघा. शब्द मिखाईल इसाकोव्स्कींचे, चाल मात्वेई ब्लान्तेर यांची, साल १९३८. दूर सीमेवरच्या जवानावर जीव असलेल्या मुलीचं हे गाणं. पुढे महायुद्धात सैनिकांनी रॉकेटं डागणाऱ्या तोफगाड्यांना हेच नाव दिलं. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं गेली. त्यांत रशियन होते, तसे युक्रेनीही होते. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा तिथे शिकणारी आपलीच मुलं तळघरांत जीव मुठीत धरून बसली आणि भारत सरकारच्या ‘ऑपरेशन गंगा’मुळे घरी आली. आता तेच गाणं एखादा न परतलेल्या आजोबांसाठी म्हणतो, तर दुसरा आजच्या लढाईच्या जोशात.

समजून गाणं म्हणजे काय, हे शाहीर अण्णा भाऊ साठेंकडून शिकावं. ते १९६१ मध्ये रशियाला गेले. महायुद्धातल्या स्टालिनग्राडच्या लढाईचा पोवाडा त्यांनी त्याच्या कितीतरी आधी रचला होता. ते शहर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण तिथे कोण कोणाशी आणि कशासाठी झुंजतंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची बाजू कुणाला पटो वा न पटो, ती त्यांनी समजून उमजून घेतली होती.

आपल्याकडे भजनाला बसलेला टाळकरी बुवांचं ध्रुपद आधी कान देऊन ऐकतो, मग उचलतो. आवाज बेताचा असला तरी त्याला कोणी उठवत नाही. परदेशातही हीच रीत पाळावी. हे गाणं कशाचं, आज ते कुणासाठी म्हणतायत, हे शेजारच्या आजींना विचारावं. गेलेल्यांची आठवण असेल, तर मोडक्यातोडक्या रशियनमध्ये का होईना, मनापासून गावं. कुणाला चिरडण्याचा उन्माद असेल, तर गप्प राहावं. यजमानांचा मान राखणं हे पाहुण्याचं कर्तव्यच आहे, पण त्यासाठी विवेक गहाण टाकावा लागत नाही.

आणि पालकहो, लेकराचा गातानाचा व्हिडिओ आला, तर तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी त्याला त्या गाण्याचा अर्थ विचारा.