परिटाच्या हाती

शास्त्रवाचन : यिर्मया २:२२, स्तोत्रसंहिता ५१:२, ७, मलाखी ३:२



काही वर्षांपूर्वी नीतिसूत्रे २५:२० चे भाषांतर तपासताना आमची समिती एका शब्दापाशी अडली. खिन्न मनुष्यापुढे गाणी गाणे कशासारखे आहे, हे सांगताना सूत्रकार 'नेतेर'वर ओतलेल्या सिरक्याची उपमा देतो. १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'नायटर' असल्यामुळे मी 'सोरा' हा शब्द धरून बसलो. एका सहकाऱ्याने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दोन बशा आणल्या. एकीत सोरा, दुसरीत धुण्याचा सोडा. दोहोंवर सिरका ओतला. सोरा तसाच पडून राहिला. सोडा मात्र फसफसला, आणि फेस विरला तेव्हा दोन्ही पदार्थांचा मूळ गुण गेलेला होता. उपमेचा अर्थ सर्वांच्या डोळ्यांपुढे आला.

'नेतेर' म्हणजे हाच नैसर्गिक सोडा. इजिप्तमध्ये कैरोच्या वायव्येस वादी नत्रून येथील तळी आटली की हा खार काठाशी साचतो. आपल्या लोणार सरोवराचे पाणीही अशाच क्षाराने युक्त आहे. सोडियमची 'एन-ए' ही रासायनिक खूणसुद्धा मुळात याच प्राचीन शब्दाकडे जाते. यिर्मया 'नेतेर'च्या जोडीला 'बोरीथ' सांगतो. तो वनस्पतींच्या राखेतून मिळणारा खार. आपल्या आज्या चुलीच्या राखेने तेलकट भांडी घासत, त्यामागेही हाच गुण होता. खार तेलातुपाशी मिळून साबण होतो, आणि मळ पाण्याबरोबर निघून जातो.

तेव्हा संदेष्ट्याने कुचकामी वस्तूंची नावे घेतलेली नाहीत. त्याच्या काळी उपलब्ध असलेली उत्तमोत्तम द्रव्ये त्याने निवडली, तीही भरपूर प्रमाणात. आणि तरीही देवासमोर डाग कायम आहे असे सांगितले. यहूदाचे लोक स्वतःला धूत नव्हते असे नाही. ते धूत होते, पण स्वतःच्याच हातांनी.

हे मला त्या दोन बशांनी शिकवले. समितीचा अहवाल मी लिहिला, आणि त्यात तो शोध माझा म्हणून नोंदवला. सहकारी काही बोलला नाही. त्यानंतर मी त्याची चारचौघांत स्तुती केली, त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी पैसे दिले, त्याच्यासाठी नित्य प्रार्थनाही केली. हा सारा माझा सोडा होता! चांगली कृत्ये चांगलीच असतात. पण कबुलीच्या जागी वापरली की ती फक्त फेस करतात. दोन वर्षे त्याच्या नजरेला नजर देणे मला जमले नाही.

मग मलाखी वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. यिर्मयातील 'धुणे', दाविदाने पश्चात्तापाच्या स्तोत्रात मागितलेले 'धुणे' आणि मलाखीतील 'परीट' हे तिन्ही शब्द एकाच इब्री धातूचे आहेत. हा धातू कपडे धुण्याचा आहे. तुडवून, मळून धुण्याचा. क्रिया एकच, पण हात निराळे. यिर्मयात मनुष्य स्वतःला धुतो, आणि डाग राहतो. दावीद स्वतःला कपड्याप्रमाणे देवाच्या हाती टाकतो. मलाखीत तर येणारा प्रभू स्वतःच परिटाच्या खारासारखा आहे. आणि तो आला म्हणजे त्याच्यासमोर कोण टिकेल, असा प्रश्न संदेष्टा विचारतो. तो दिवस सुखाचा नाही. कापड तुडवले जाते, पिळले जाते, पण परीट ते फाडून टाकण्यासाठी हाती घेत नाही.

मी त्या बंधूकडे गेलो. नंतर समितीपुढे उभा राहिलो आणि अहवालात दुरुस्ती करवली. लाज वाटली; कानशिले तापली. पण त्या रात्री मला झोप लागली.

प्रिय वाचकहो, आपण कोणत्या डागावर किती वर्षे सोडा चोळीत आहोत? मंडळीला दिलेली देणगी, दीर्घ उपास, वाढवलेली सेवा यांच्याखाली एखादे न फेडलेले देणे, एखाद्या भावाचे हिरावलेले नाव किंवा जमीन तर नाही ना? आज हात थांबवू या. ज्या ख्रिस्ताने आपल्या रक्ताने शुद्धीची किंमत भरली, त्याच्या हाती हे वस्त्र देऊ या. आणि ज्याचे आपण देणे लागतो, त्याच्या दाराकडे निघू या.

हे प्रभो, मला धू. आमेन.