खूनबहा

'ब्लड मनी' या शब्दाने आपल्या वर्तमानपत्रांत बराच घोटाळा केला आहे. 2024 मध्ये केरळच्या लोकांनी रियाधच्या तुरुंगातील एका चालकासाठी सुमारे 34 कोटी रुपये जमवले, तेव्हा मराठी बातम्यांतही हाच शब्द होता. इंग्रजीत त्याला यहूदाने घेतलेल्या 30 नाण्यांचा वास आहे. आपल्या उर्दूतला 'खूनबहा' तरी कुठे निर्दोष? 'बहा' म्हणजे फारसीत किंमत. वर्गात हा शब्द आला की मुले विचारणारच, "सर, खून की कीमत कितनी?"

कुरआनातला शब्द 'दियत' आहे. सूरह निसाच्या 92 व्या आयतीत, चुकून कुणाचा जीव घेतला गेला तर वारसांना दियत द्यावी, असा हुकूम आहे. वारसांनी ती सोडली तर तो सदका. पण त्याच आयतीत कफ्फारा वेगळा सांगितला आहे. गुलाम मुक्त करावा, ते जमत नसेल तर सलग दोन महिने रोजे. म्हणजे पैसा हा वारसांचा हक्क. मारणाऱ्याचा अल्लाहकडचा हिशेब त्याने फिटत नाही. शिवाय फिकहप्रमाणे ही दियत एकट्याने भरायची नसते, 'आकिला' म्हणजे त्याचे भाऊबंद ती वाटून घेतात. आपल्या तकरिरींत हे क्वचितच ऐकू येते.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहू. अंजनगाव सुर्जीच्या आसपासच्या कापसाच्या गावांनी शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या आहेत. 2006 च्या शासन निर्णयाने अशा घराला एक लाख रुपये ठरले: 30 हजार हातात, 70 हजार खात्यात. आत्महत्या म्हणजे खून नव्हे आणि हा लाख म्हणजे दियत नव्हे, हे मला मान्य आहे. पण दियत देणारा आधी कबूल करतो की हा जीव माझ्या हातून गेला. या लाखाचे नाव 'मदत'. त्यात कबुली कुणाचीच नाही. ना भावाची, ना सावकाराची, ना बँकेची. उलट पात्रता सिद्ध करायची मृताच्या घरच्यांनी: सातबारा दाखवा, कर्ज दाखवा, वसुलीचा तगादा दाखवा. मक्त्याने शेती करणाऱ्याने सातबारा कुठून आणायचा? खजिना आपल्या सर्वांचा, तेव्हा आकिला म्हणून भरणा आपणच केला. विचारणा मात्र बेवेची झाली. आणि गावात तिच्याच मागे बोलले जाते, नवरा गेला पण लाख आला.