चहाडी आणि वर्दी

भोपाळच्या नेहरू नगरात, टेकडीवर, 1982 साली स्थापन झालेली भारतीय वन व्यवस्थापन संस्था आहे. अनंत राजे या वास्तुकाराने रचलेल्या तिच्या प्रांगणात देशाच्या नाना प्रांतांतून आलेले तरुण वनांचे शास्त्र शिकतात. रानात धूर दिसला तर त्याची वर्दी तत्काळ द्यावी, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागत नाही. आग कोणाच्या विडीने लागली, तो आपला की परका, हा विचार धूर पाहणाऱ्याच्या मनाला शिवतही नाही. परंतु असाच एखादा तरुण, मग तो देशातील कोणत्याही विद्यापीठातला असो, वसतिगृहात परतल्यावर काय करतो? शेजारच्या खोलीतला मित्र दुसऱ्याचा पासवर्ड चोरून त्याची पत्रे वाचतो आहे, किंवा वर्गातील मुलीचे छायाचित्र विकृत करून ते व्हॉट्सॲपवर फिरवतो आहे, असे दिसले की त्याची जीभ अडखळते. रानात बिनदिक्कत वर्दी देणारा येथे चहाडखोर ठरण्यास भितो. हा संकोच म्हणजे नुसता भित्रेपणा आहे, की त्याच्या मुळाशी काही नीतीही आहे, याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, या संकोचाला आपल्या संस्काराचा आधार आहे. चहाडीला आपल्याकडे कधीच मान मिळालेला नाही. कैकेयीचे कान भरणारी मंथरा रामायणात क्षणभरच येते. पण तिचे नाव आजही शिवीसारखे वापरले जाते. चहाडीत असे हीन ते काय असते? ती ज्याच्याविषयी असते त्याच्या पाठीमागे केली जाते. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या कानाशी केली जाते. आणि सांगणाऱ्याला तीतून काही ना काही लाभ व्हावयाचा असतो. सांगितलेली गोष्ट खरी असली तरी चहाडी ती चहाडीच राहते, कारण तिचा रोख घडलेल्या अपायावर नसून माणसावर असतो. वर्दीचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. ती अपायाविषयी असते, तो थांबवू शकणाऱ्याला दिलेली असते, आणि ती देणाऱ्याच्या पदरी लाभापेक्षा त्रासच पडण्याचा संभव अधिक असतो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. तो विसरला गेला म्हणजे काय होते, हे आपण पाहिले आहे. 2012 च्या एप्रिलमध्ये कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील एका प्राध्यापकाला एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवल्याबद्दल अटक झाली. त्या प्रकरणातून त्यांची पुरती सुटका होईपर्यंत 2023 साल उजाडले. 2012 च्याच नोव्हेंबरमध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आपल्या पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली. त्यांतील एकीने काही लिहिलेही नव्हते, फक्त पसंती दर्शवली होती. दोन्ही ठिकाणी तक्रार कोणीतरी केलीच होती. पण त्या लिखाणाने अपाय कोणाचा झाला होता? झाली होती ती नाराजी. ज्या कायद्याच्या आधारे अशा अटका होत, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66 अ हे कलम 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले. जी व्यवस्था नाराजीलाच अपाय समजते, ती चहाडीला वर्दीचा पोशाख चढवते. आणि मग खऱ्या वर्दीवरही लोकांचा विश्वास राहत नाही.

तथापि एवढे म्हणून विद्यार्थ्याची अडचण सुटत नाही. अपाय खरा आहे, आणि करणारा मित्र आहे, तेव्हा काय करावे? येथे एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. 2 नोव्हेंबर 1988 रोजी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने एक स्वतःच पसरत जाणारा प्रोग्राम संगणकांच्या जाळ्यात सोडला. तो त्याच्या अपेक्षेपेक्षा भलताच वेगाने फैलावला आणि हजारो यंत्रे ठप्प झाली. घाबरलेल्या मॉरिसने हार्वर्डमधील मित्राला सांगितले. त्या मित्राने, नाव न देता, तो प्रोग्राम कसा रोखावा याच्या सूचना सर्वांसाठी पाठवल्या. पण जाळेच तुंबलेले असल्यामुळे त्या वेळेवर पोहोचल्या नाहीत. त्या मित्राने मैत्रीशी द्रोह केला असे कोण म्हणेल? त्याने मित्राची निंदा केली नाही, त्याचे नावही घेतले नाही. परंतु आगीची वर्दी दिली. पुढे मॉरिसला तीन वर्षांची देखरेख, 400 तासांची समाजसेवा आणि दंड अशी शिक्षा झाली; तुरुंगवास झाला नाही. आणि हाच मॉरिस कालांतराने एमआयटीत प्राध्यापक झाला. वर्दीने मित्राचे आयुष्य उद्ध्वस्तच होते, ही समजूत किती अपुरी आहे ते यावरून दिसते.

कोणी म्हणेल, मित्राला आधी एकांतात समज द्यावी. अवश्य द्यावी. पण त्यासाठी आपण जो वेळ घेतो तो आपला नसतो. ज्या मुलीचे छायाचित्र फिरते आहे, तिच्या पदरातून तो घेतलेला असतो. मित्राला संधी देण्याचे औदार्य आपण तिच्या खर्चाने दाखवत आहोत, एवढे भान राहिले तरी मुदत आपोआप आखडते.

शिवाय विद्यापीठाचे संगणक-जाळे ही कोणा एकाची मालमत्ता नव्हे. गोव्याच्या खाजण शेतीचे उदाहरण आमच्या कोकणी वाचकांना सांगावयास नको. नदीचे खारे पाणी बांधाने अडवलेले असते आणि मानशीच्या दारांतून त्याची ये-जा राखलेली असते. खेकड्याने बांध पोखरलेला ज्याला प्रथम दिसेल, त्याने तो कोणाच्या शेताजवळ आहे हे विचारीत बसायचे नसते. कारण खारे पाणी आत शिरले की सर्वांचीच शेते नासतात. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणक-यंत्रणेवर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस रुग्णांची नोंद हाताने करावी लागली. बांध फुटतो तो असा.

येथवर आपण सांगणाऱ्याच्या कर्तव्याचा विचार केला. पण ऐकणाऱ्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर भोपाळने साऱ्या जगासाठी फार महाग मोल देऊन ठेवले आहे. राजकुमार केसवानी या पत्रकाराने 1982 साली आपल्या छोट्या साप्ताहिकातून युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील धोक्याविषयी पुनःपुन्हा इशारे दिले. त्या साप्ताहिकाचे नाव होते ‘रपट’, म्हणजे वर्दीच. 1984 च्या जूनमध्ये त्यांनी ‘जनसत्ता’तूनही तेच सांगितले. कोणी ऐकले नाही. आणि 2 डिसेंबरच्या रात्री विषारी वायूने हजारो माणसे मारली. सांगणाऱ्याने आपले काम केले होते. दोष होता तो बंद ठेवलेल्या कानांचा.

आज नियम पुष्कळ आहेत. 28 एप्रिल 2022 च्या आदेशाने, संगणकीय सुरक्षेला धक्का देणारी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळवणे संस्थांवर बंधनकारक झाले आहे. 1930 हा दूरध्वनी क्रमांक आहे. राष्ट्रीय पातळीवर स्त्रिया व मुले यांच्याविरुद्धच्या काही गुन्ह्यांची वर्दी नाव न सांगताही देता येते. पण तक्रार घेऊन आलेल्या मुलीला, तू छायाचित्र टाकलेसच कशाला, असा प्रश्न जेथे प्रथम विचारला जातो, तेथे सहा तासांचा नियम काय करणार? संस्थेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून जो अधिकारी वर्दी दाबतो, तो आपल्या विद्यार्थ्यांना मौनाचा धडा देत असतो. आणि हा धडा ते वर्गातल्या धड्यांपेक्षा लवकर शिकतात.

म्हणून विद्यार्थ्याला धीट व्हा असे सांगण्याआधी विद्यापीठाने स्वतःस विचारावे: वर्दी देणाऱ्याचे नाव आपण राखू शकतो काय? ज्याच्यावर आरोप आहे त्याचेही म्हणणे नीट ऐकून घेतो काय? आणि पुढे काय झाले, हे सांगणाऱ्याला कळवतो काय? या तिन्ही प्रश्नांना होय असे उत्तर जेथे देता येईल, तेथे मौन पाळणाऱ्याला मैत्रीची सबब सांगता येणार नाही. जेथे देता येणार नाही, तेथे मौनाचा निम्मा दोष संस्थेच्या माथी जातो. उरलेला निम्मा मात्र पाहणाऱ्याचाच. कारण कोणी ऐको वा न ऐको, धूर त्याला दिसलेला असतो.