परत न येणारे गिऱ्हाईक

गिऱ्हाइकाची विचारपूस केली, त्याच्या अडीअडचणीला धावून गेले की ते दुकान सोडत नाही, हे व्यापाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अलीकडे या अनुभवाला ‘ब्रँड लॉयल्टी’ असे नाव मिळाले आणि त्याचे अभ्यासक्रम निघाले. धर्मविचारासाठी मात्र यात एक जुनीच अडचण आहे. ज्या आपुलकीतून नफा होतो आणि तो होणार हे आधीपासून माहीत असते, ती आपुलकी खरी मानायची का? आणि खरी नसेल, तर तिचा लाभ झालेल्या माणसाचे त्यात काय बिघडले?

संयुक्त अरब अमिरातीत हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तेथे राहणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ माणसे परदेशांतून आलेली आहेत. त्यांत सर्वांत मोठा गट भारतीयांचा, म्हणजे 35 लाखांहून अधिक लोकांचा आहे. बहुतेकांचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झाला, की ठरावीक मुदतीत दुसरी नोकरी तरी शोधायची किंवा गाशा तरी गुंडाळायचा. 2019 पासून दीर्घ मुदतीचा गोल्डन व्हिसा मिळू लागला, पण तो थोड्यांच्या वाट्याला येतो. सदाशिव पेठेतल्या किंवा दादरच्या दुकानदाराकडे आजोबांपासून नातवापर्यंत तीन पिढ्या येत राहतात. दुबईतल्या दुकानदाराचे बहुतेक गिऱ्हाईक मात्र एक दिवस कायमचे निघून जाणार असते. अशा ठिकाणी निष्ठा जोपासायची ती कोणाची आणि कशासाठी?

दुबईतले या संदर्भातले सर्वांत परिचित मराठी उदाहरण धनंजय दातार यांच्या ‘अल अदील’चे आहे. त्यांचे वडील महादेव दातार हवाई दलातून निवृत्त झाल्यावर दुबईत आले आणि 1984 मध्ये त्यांनी तेथे एक छोटे किराणा दुकान काढले. विशीतला मुलगा त्यांच्या मदतीला आला. झाडलोट करणे, पोती उचलणे, माल लावणे ही कामे त्याच्या वाट्याला आली. सुरुवातीला धंदा तोट्यात गेला आणि आईचे दागिने मोडावे लागले, असे दातारांनी स्वतः सांगितले आहे. पुढे त्या दुकानाची साखळी झाली, ‘पीकॉक’ या नावाने मसाले, पिठे आणि लोणची निघाली आणि मालकाला ‘मसाला किंग’ ही पदवी चिकटली.

या यशाचे कारण सांगताना ‘त्यांनी गिऱ्हाइकाची नाडी ओळखली’ असे म्हणून मोकळे होता येते, पण नाडी म्हणजे नेमके काय? आखातात एकट्या राहणाऱ्या माणसाला श्रावणात राजगिरा आणि वरई लागते. संक्रांतीला चिकीचा गूळ लागतो. गणपतीत उकडीच्या मोदकांसाठी सुवासिक तांदळाची पिठी हवी असते, आणि ती जाडसर निघाली तर पारी चिरते. खानदेशातल्या माणसाला काळा मसाला हवा असतो. त्याच्यापुढे पुणेरी गोडा मसाला ठेवला तर तो पुडी उलटसुलट करून परत ठेवतो. थालीपिठाची भाजणी मागणाऱ्याला बेसन दाखवून चालत नाही. परदेशात ज्या दुकानदाराला एवढे कळते, त्याच्या दुकानात माणूस दोन बस बदलून येतो. सहवेदनेची पहिली पायरी म्हणजे दुसऱ्याला काय हवे आणि काय खुपते याची बारीक जाण. तिच्यात नैतिक असे अजून काहीच नसते. भोंदू बुवाला भक्ताचे दुःख इतकेच बारकाईने कळते. व्हिसाचे आमिष दाखवून गावाकडच्या पोरांना लुबाडणाऱ्या एजंटालाही त्यांची गरज नेमकी ठाऊक असते. मार्केटिंगची पुस्तके इथेच थांबतात आणि या जाणिवेलाच ‘एम्पथी’ म्हणून मोकळी होतात. धर्मग्रंथांतला विचार इथून पुढे सुरू होतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार केले आहेत. परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले दान सात्त्विक. उलट काही मिळावे म्हणून किंवा फळावर डोळा ठेवून दिलेले दान राजस. त्यावर भाष्य करताना ज्ञानेश्वरांनी दुधाकडे लक्ष ठेवून गाईला चारा घालणाऱ्या माणसाचा दृष्टांत दिला आहे. पॉइंट देणारी लॉयल्टी कार्डे ज्या दिवशी निघाली, त्याच्या सातशे वर्षे आधी त्यांचे वर्गीकरण होऊन गेले होते! मात्र हे वर्गीकरण नीट वाचले पाहिजे. राजस दान तिसऱ्या, तामस प्रकाराच्या वरचे आहे. गाईचे पोट भरतेच. चारा घालणाऱ्याला कोणी कसाई म्हणत नाही. त्याने स्वतःला गोभक्त म्हणवून घेऊ नये, एवढेच.

पाचव्या शतकातल्या बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात याहून सूक्ष्म विचार केला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांपैकी प्रत्येकीचा त्याने एक दूरचा आणि एक जवळचा शत्रू सांगितला. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखायला सोपा. जवळचा शत्रू मात्र राग, म्हणजे आसक्ती, आपल्यासाठी हवेसे वाटणे. तिचे तोंड मैत्रीसारखेच असते, तिलाही समोरच्यातले चांगलेच दिसते, म्हणून ती घरात शिरली तरी पत्ता लागत नाही. गिऱ्हाइकाचा वाढदिवस लक्षात ठेवणारा संदेश मैत्रीतून आला की आसक्तीतून, हे तो पाठवणाऱ्यालाही पुष्कळदा सांगता येणार नाही.

कांटने 1785 मध्ये नेमके दुकानदाराचेच उदाहरण घेतले होते. लहान मूल आले तरी तो ठरलेल्या भावानेच माल देतो, कारण नाव खराब झाले तर धंदा बसेल. वागणे बरोबर, पण नैतिक मोल शून्य, असा कांटचा निवाडा. हा निवाडा फार कडक वाटतो. रोज शेकडो माणसांशी व्यवहार करणाऱ्याने स्वतःच्या पोटाचा विचार मनातून पूर्ण काढून टाकावा, ही अपेक्षा प्राध्यापकाला शोभते; दुकानदाराला ती पेलत नाही.

अमिरातीतल्या इस्लामी परंपरेत या प्रश्नाची उकल बाजारात उभे राहून केलेली सापडते. अल गझाली (मृत्यू 1111) याने धर्मविद्यांच्या पुनरुज्जीवनावरच्या आपल्या मोठ्या ग्रंथात उपजीविकेवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. व्यापारात न्याय आणि सौजन्य या दोन वेगळ्या पातळ्या असतात, असे तो तेथे मांडतो. फसवणूक न करणे हा न्याय. त्याने मुद्दल तेवढे राखले जाते. नफा, म्हणजे परलोकीचा नफा, सौजन्याने मिळतो. त्यासाठी तो आठव्या शतकातला बसऱ्याचा कापड व्यापारी युनुस इब्न उबैद याची गोष्ट सांगतो. युनुसच्या दुकानात काही वस्त्रे चारशे दिरहमांची होती, काही दोनशेची. पुतण्याला दुकानावर बसवून तो नमाजाला गेला. तेवढ्यात वाळवंटातला एक बदू आला आणि त्याने चारशेचे वस्त्र मागितले. पुतण्याने दोनशेचे पुढे केले. बदूला ते आवडले आणि चारशे मोजून तो चालू लागला. वाटेत युनुसने ते वस्त्र ओळखले आणि किंमत विचारली. ती ऐकल्यावर हे दोनशेच्या वर जात नाही, परत चला, असे त्याने सांगितले. बदू म्हणाला, आमच्याकडे याचे पाचशे पडतात आणि मी खुशीने घेतले आहे. युनुसने ऐकले नाही. त्याला दुकानात नेऊन दोनशे परत दिले आणि पुतण्याला फैलावर घेतले. पुतण्याचा बचाव एकच होता, गिऱ्हाईक राजी होते. युनुसने विचारले, तुला स्वतःसाठी जे चालले असते तेच तू त्याच्यासाठी केलेस का?

गिऱ्हाइकाचे समाधान ही आजच्या धंद्याची सर्वोच्च कसोटी आहे. पाच तारे मिळाले की विषय संपला. युनुसच्या गोष्टीतला बदू पूर्ण समाधानी होता. त्याने पाचही तारे दिले असते. तरीही त्याच्यावर अन्याय झाला होता, कारण दुकानदाराला माहीत असलेली गोष्ट त्याला माहीत नव्हती. आणि तो वाळवंटातला वाटसरू, पुन्हा येईल याचा काय भरवसा? आपुलकी खरी की हिशेबी याचा निवाडा मनात डोकावून होत नसेल, तर असे प्रसंग तपासावेत: गिऱ्हाइकाला काही कळणार नव्हते किंवा ते पुन्हा येणार नव्हते, तेव्हा दुकानदार कसा वागला?

अमिरातीतल्या गल्लोगल्लीच्या बकाल्यांत, म्हणजे छोट्या किराणा दुकानांत, हे प्रसंग रोजचे असतात. ही दुकाने चालवणारे पुष्कळसे केरळचे. फोन केला की पोऱ्या सायकलवरून दूध, कुबूस, अंडी वर आणून देतो आणि वहीत आकडा चढतो. पगार झाला की हिशेब चुकता होतो. लेखी करार नाही, व्याज नाही. पगार थकला की वही फुगत जाते. मग एके दिवशी गिऱ्हाईक निरोप घ्यायला येते, किंवा येतही नाही. कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि कर्ज सोडून दिले तर अधिक चांगले, असे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायात सांगितले आहे. मराठी वाचकाला इथे देहू आठवेल. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, दुकान होते, सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि धाकटा भाऊ कान्होबा याच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असे परंपरा सांगते. या कथेतला दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही, पण तो तितकाच महत्त्वाचा आहे. दया स्वतःच्या खिशातून करायची असते, भावाच्या नव्हे.

2020 मध्ये कोविडच्या साथीत निरोपाचा हा प्रसंग एकाच वेळी हजारोंवर आला. मार्चच्या अखेरीस भारतात येणारी विमाने बंद झाली, आखातात नोकऱ्या गेल्या, खोल्यांचे भाडे थकले. 7 मेपासून अडकलेल्यांना परत आणणारी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने सुरू झाली, पहिली केरळला गेली. तिकीट ज्याचे त्याने काढायचे होते. ज्याच्या हाती चार महिने पगार नाही त्याने ते कशातून काढायचे? त्या काळात दातारांनी अडकलेल्या अनेक भारतीयांच्या तिकिटांचा आणि कोविड चाचण्यांचा खर्च उचलला. हे प्रवासी गिऱ्हाईक म्हणून संपलेले होते. दुबईतल्या दुकानातून ते पुन्हा मसाल्याची पुडी घेतील ही शक्यता फार थोडी. राजस दानाची व्याख्या इथे सहजी लागू होत नाही.

शंकेखोर म्हणेल की बातमी तर छापून आली. ती वाचणारे आणि मागे राहिलेले गिऱ्हाईक होतेच. शंका रास्त आहे आणि तिचे निर्णायक उत्तर बाहेरून देता येत नाही. मात्र गझालीने हेतूंच्या भेसळीवरही लिहून ठेवले आहे. दोन हेतू मिसळले की सगळे पुण्य वाया जाते, हे त्याला मान्य नाही. कोणता हेतू किती प्रबळ, त्या प्रमाणात फळ, अशी त्याची मांडणी आहे. हजला निघालेल्या माणसाने वाटेत व्यापार केला म्हणून त्याची यात्रा बाद होत नाही. कांटच्या निवाड्यापेक्षा हा विचार माणसांच्या अंगाला अधिक बसतो.

दान दाखवून करावे की झाकून, याबाबतही कुराणात अशीच पायरी आहे: उघड दिलेले चांगलेच, गुपचूप गरजूला दिलेले अधिक चांगले. दुबईने दोन्ही करून पाहिले आहे. मे 2020 मध्ये, रमजानात, बुर्ज खलिफाच्या दर्शनी भागावरचे 12 लाख दिवे दहा दहा दिरहमांना ‘विकले’. एक दिवा म्हणजे एका गरजूचे जेवण. सगळ्या शहराला दिसेल असे दान. सप्टेंबर 2022 मध्ये काही सुपरमार्केटांबाहेर गरजूंना फुकट ताजी भाकरी देणारी यंत्रे बसवली गेली. बटण दाबायचे, थोडा वेळ थांबायचे, भाकरी घेऊन निघायचे. तेथे नाव कोणी विचारत नाही. घेणाऱ्याला देणारा दिसत नाही आणि देणाऱ्याला घेणारा, त्यामुळे निष्ठा जोडण्याची सोयच उरत नाही. कोणत्याही कंपनीने उठून मदतनिधी गोळा करावा, अशी मोकळीकही या देशात नाही. दुबईत 2015 च्या आदेशाने आणि पुढे 2021 च्या संघीय कायद्याने देणग्या गोळा करण्याला परवाना लागतो. व्यापार आणि धर्मादाय यांच्यामधली ही भिंत मुळात पैशाच्या गैरवापराला आळा घालण्यासाठी बांधली गेली, पण तिने करुणेच्या जाहिरातीलाही थोडा लगाम बसतो.

उरतो तो कंपनीचा प्रश्न. नियत माणसाला असते. ब्रँडला मन नाही, त्यामुळे त्याच्या करुणेला सात्त्विक किंवा राजस म्हणणे शब्दशः अर्थाने अशक्य आहे. ब्रँडची करुणा म्हणजे त्याच्या काउंटरवरच्या माणसाला काय करण्याची मुभा आहे, एवढेच पाहता येते. बकाल्याचा मालक वहीतले दोनशे दिरहम खोडू शकतो, कारण वही त्याची आणि तोटाही त्याचा. हायपरमार्केटच्या कॅशियरला बिलातला एक दिरहमही कमी करता येत नाही. वरून ‘गिऱ्हाइकाशी मनापासून बोला’ असे प्रशिक्षण त्याला दिलेले असते आणि महिन्याच्या विक्रीचे टार्गेटही त्याच्याच नावावर असते. युनुस दुकानात परतला म्हणून बदूला पैसे मिळाले. साखळी दुकानांत दिवसभर काउंटरवर पुतण्याच असतो, आणि चारशेला खपवल्याबद्दल त्याला इन्सेंटिव्ह मिळतो.